पाच शुक्रवारांची आकाशनौका

अक्रमभाईचं लग्न ठरलं तेव्हा घरच्यांनी तारीख बघितली, मंडप बघितला, आचारी बघितला. लग्नानंतरचे शुक्रवार मात्र कुणी बघितले नाहीत. मी बघितले आणि कपाळाला हात लावला.

आमच्यात लग्न झाल्यावर ओळीने पाच शुक्रवार जावयाला सासरी जेवायला बोलावतात. त्याला जुमागी म्हणतात. त्या दिवशी जावयाचा थाट काही विचारू नका. त्याच्या तोंडून शब्द पडायचा अवकाश, सासरवाडीची सगळी माणसं धावत सुटतात. जावई एकटा जात नाही, बायको बरोबर असते आणि घरचं कुणीतरी सोबतीला असतं. आमच्या घरात ते कुणीतरी म्हणजे मी, रुबी, एकुलती एक नणंद. आणि नेमक्या त्याच पाच शुक्रवारी, संध्याकाळी साडेआठला, दूरदर्शनवर ‘आकाशनौका’चे शेवटचे पाच भाग लागणार होते.

‘आकाशनौका’ ज्यांना माहीत नाही त्यांची मला आधी कीव यायची, मग राग यायचा. परदेशातली मालिका, हिंदीत बोलणारी. पृथ्वीवरून एक मोठं यान निघतं, त्यात माणसं जन्मतात, म्हातारी होतात, मरतात, एका कप्तानामागून दुसरा येतो, आणि यान चालतच राहतं. मी सातवीत होते तेव्हा पहिली कडी, म्हणजे पहिला भाग, लागली. तेव्हा ती काळी-पांढरी होती आणि यानाच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत हे शिरूरच्या आमच्या गल्लीतल्या लहान पोरालाही कळत होतं. मला काही फरक पडला नाही. पुढे रंग आला, भिंती सुधारल्या, पाचवा कप्तान आला. मी शाळा संपवून रांजणगावच्या कंपनीत पॅकिंगला लागले, तरी शुक्रवार सोडला नाही. क्रिकेटसाठी दूरदर्शनने मध्येच भाग कापला की मी दोन दिवस घरात कुणाशी धड बोलत नसे. एकदा गेलेला भाग पुन्हा दाखवायची तिथे पद्धत नव्हती. चुकला तो चुकला.

आता यान परत घरी निघालं होतं. त्याचं काय होतं ते बघायचं होतं मला. इतकी वर्षं मी दुसरं काही मागितलं नव्हतं.

“अम्मी, मी नाही गेले जुमागीला तर?”

“मग लोक म्हनतील, नणंदेला भाभी पसंत न्हाई.” अम्मीने मेथी निवडताना मान वर केली नाही. “टीवीपायी भावाचं नाक कापनार हायेस का?”

झालं. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये मी सुवर्णाला हे सांगितलं. सुवर्णा निमोण्याची, माझ्याच लाइनवर काम करते, आणि सगळ्या बसमध्ये ‘आकाशनौका’ बघणारी ती एकटीच. ती बघायला लागली त्याला कारणही मीच. नवीन माणसाने ही मालिका पहिल्या कडीपासूनच घ्यायला हवी, हा माझा कडक नियम होता. पहिली कडी आता कुठे बघायला मिळणार? म्हणून मी ती तोंडी सांगायचे. कोण निघालं, का निघालं, पहिल्या कप्तानाचा भाऊ मागे का राहिला, सगळं सविस्तर. बसमधल्या कितीतरी बायकांना मी अशी सांगायला घेतली आणि त्यांनी दुसऱ्या दिवसापासून जागा बदलल्या. सुवर्णा तेवढी टिकली, ती का, हे तिनेच एकदा हसत सांगून टाकलं होतं. माझे पहिले तीन कप्तान होईपर्यंत ती झोपली होती. जाग आली तेव्हा चौथा चालू होता आणि तो तिला आवडला.

“खुटबावला तुझ्या भावाच्या सासरी टीवी हाय ना?” तिने विचारलं.

“आहे. पण ते का म्हणून लावतील? त्यांनी बघितलंच नाही कधी.”

“मग त्यांना गोडी लाव. चौथ्या कप्तानापास्नं सांग.”

“चौथ्यापासून कसं सांगणार? त्याच्या आजीचं पत्र पहिल्यात आहे. मुळापासूनच सांगायला पाहिजे.”

“तुझ्या मुळापाई मानसं झोपत्यात, रुबी.”

मी तिच्याशी रांजणगाव येईपर्यंत बोलले नाही.

लग्न झालं. आसमीनभाभी घरी आली. गोरीपान, हसरी, बोलायला कमी. पहिल्या जुमागीला अक्रमभाईने स्वतःची जीप काढली. एरवी तो तीच जीप माणशी भाडं घेऊन शिरूर-न्हावरा वडाप म्हणून चालवतो. मी भाभीशेजारी मागे बसले. हातात रस्ताभर वेळ होता, आणि माहेरी जाणारी मुलगी खुशीत असते, म्हणून मी लगेच पहिली कडी सुरू केली. यान का बांधलं इथपर्यंत भाभी “हं, हं” करत होती. न्हावरा मागे पडलं तेव्हा तिचं डोकं काचेला टेकलेलं होतं.

“झोपली का ती?” अक्रमभाईने आरशातून विचारलं.

“विचार करतेय,” मी म्हटलं.

खुटबावला भाभीचं घर मळ्यातच आहे. भोवती ऊस, पलीकडे झेंडू, दारात मोठं अंगण. भाभीचे वडील इलाहीमामा फाटकापाशीच उभे होते, डोक्याला नवी टोपी, हातात टॉवेल. आई हमीदाखाला ओट्यावरून पदर सावरत आल्या. तिसरे मारुतआबा, शेजारच्या मळ्याचे मालक. जन्मभर इलाहीमामांच्या बांधाला बांध लावून राहिलेले, त्यामुळे त्या घरच्या कुठल्याच जेवणाला त्यांना वेगळं आमंत्रण लागत नाही. मटण, दालचा, भात, शिरा. अक्रमभाईच्या ताटात कोण काय वाढतंय याचा पत्ता लागत नव्हता.

सव्वाआठ झाले. टीव्हीवर कुस्त्यांचा कार्यक्रम चालू होता आणि मारुतआबा त्यात बुडालेले. माझी नजर घड्याळावरून हलेना. शेवटी मी भाभीच्या कानाशी लागले, “भाभी, साडेआठला दूरदर्शनवर ती यानाची मालिका असते. लावता येईल का?”

भाभी लाजली. पाहुण्यांच्या घरचं माणूस काही मागतं म्हटल्यावर तिने ते आईच्या कानात सांगितलं. हमीदाखालांचा चेहरा एकदम बदलला. जुमागीच्या दिवशी पाहुण्यांकडून फर्माईश आली म्हणजे ती कुणाची असणार? त्या घरात या प्रश्नाला एकच उत्तर होतं.

“आवं,” त्यांनी इलाहीमामांना हाक मारली, “जवाईबापूंना त्ये इमानाचं बघायचं हाय. आदी का न्हाई सांगितलं? टीवी हिकडं वडा. आबा, तुमच्या कुस्त्या बास करा.”

अक्रमभाईचं तोंड मटणाने भरलेलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी दालच्याकडे बघितलं. घास संपेपर्यंत टीव्ही ओढून त्याच्यासमोर आला होता, त्याच्यासाठी खास खुर्ची मांडली गेली होती आणि मागे लोड ठेवला गेला होता. आता नाही म्हणणं म्हणजे सासूचा मान मोडणं. माझा भाऊ, जो या मालिकेला लहानपणापासून ‘पत्र्याचा डबा’ म्हणतो, तो पहिल्या रांगेत मधोमध बसला. मला इतकं हसू येत होतं की मी ओढणी तोंडात धरली.

सुरुवातीचं संगीत वाजलं आणि मी लगेच सांगायला घेतलं, “खाला, म्हणजे बघा, सगळ्यात पहिला कप्तान जो होता...”

“थांब पोरी. बघू दे.”

माझं तोंड उघडंच राहिलं. मला कुणी ‘आकाशनौका’ चालू असताना गप केलं नव्हतं, उलट मीच सगळ्यांना करायचे.

खाला पडद्याकडे सरकून बसल्या. मग पडद्यावर यानातली एक मुलगी खिडकीशी उभी राहून दूरचा निळा ठिपका बघत होती, तेव्हा त्यांनी विचारलं, “ही मानसं कुठं चालली?”

“घरी. पृथ्वीवर.”

“लई दिसांनी?”

“पिढ्या गेल्या, खाला. जी निघाली होती त्यातलं कुणीच राहिलं नाही. ही सगळी वाटेत जन्मलेली.”

खालांनी हातातला पानाचा डबा खाली ठेवला. “मंग त्यास्नी तिथं वळखनार कोन?”

मी त्यांच्याकडे वळून बघितलं. कारण शेवटच्या पाच भागांचा सगळा जीव त्याच प्रश्नात होता, आणि तिथपर्यंत पोचायला मला वर्षं लागली होती. बाईने एकही कप्तान न बघता पाव तासात तो विचारला. मला खरं सांगायचं तर रागच आला. आम्ही पुठ्ठ्याच्या भिंतींपासून सोसलंय, आणि या शिरा खाता खाता आत आल्या.

“पानी कुठनं घेत्यात त्ये इमानात?” मारुतआबांनी विचारलं. यानातली भाजी दाखवत होते. “आन् ही मिरची हाय का काय? लई जवळ जवळ लावलीया.”

“आबा, गप ऱ्हावा की,” इलाहीमामा म्हणाले.

भाभी आईला टेकून बसली होती. पहिलीच खेप होती तिची माहेरी परत यायची. ती झोपली नाही.

परतताना जीपमध्ये अक्रमभाई एकच वाक्य बोलला, “रुबे, तुला बघून घेतो.” पण भाभी पाठोपाठ म्हणाली, “तुम्हाला आवडतं ते मला म्हाईतच नव्हतं. आता मी बी बघीन.” तिच्या आवाजात इतका आनंद होता की त्याने गिअर बदलला आणि विषय सोडून दिला.

दुसऱ्या शुक्रवारी जेवण लवकर वाढलं गेलं. तिसऱ्या शुक्रवारी मारुतआबांनी स्वतःची खाट आणली. चौथ्या शुक्रवारी आमची जीप न्हावऱ्यात पंक्चर झाली, तर इलाहीमामा मोटारसायकल घेऊन निम्म्या वाटेवर सामोरे आले. काळजी जावयाची होती की साडेआठची, ते त्यांनी सांगितलं नाही. मी जीपच्या मागच्या सीटवर अक्षरशः उड्या मारत होते. आठवडाभर घरात भाभी आणि मी भाकरी थापताना यानाचंच बोलायचो. आताची कप्तान बाई पृथ्वीवर उतरायला भितेय का, तिने पृथ्वीला पाठवलेल्या निरोपाला उत्तर का येत नाही. भाभीला आधीचं काही माहीत नव्हतं आणि तरी तिला सगळं कळत होतं. हे मला सहन होत नव्हतं आणि सोडवतही नव्हतं.

“माजं ऐकलं असतंस,” सुवर्णा बसमध्ये म्हणाली.

“तू चौथ्या कप्तानापासून म्हणाली होतीस. हे लोक शेवटापासून आलेत.”

“म्हंजी तुजा नेम बी मोडला आन् माजा बी.” तिने खिडकीतून बाहेर बघत शेंगदाणे सोलले. “आन् तरी बघत्यात. मग इतकी वर्सं आपन भांडलो कशाला?”

चौथ्या भागाच्या शेवटी यान पृथ्वीवर उतरलं. बाहेर अंधार. दार बंद. पुढच्या शुक्रवारी दार उघडणार होतं. सगळे आपापल्या परीने सांगू लागले, बाहेर कोण असेल. मारुतआबांच्या मते जमिनीचा ताबा दुसऱ्याच कुणीतरी घेतला असणार. इलाहीमामांच्या मते ती माणसं भीतीने पळून जातील.

“कुनीतरी जेवान झाकून ठिवलं आसंल,” हमीदाखाला म्हणाल्या.

मी हसले. “खाला, ही विज्ञानाची मालिका आहे. जेवण कसलं झाकून ठेवतात?”

“मानसं येनार म्हनून सांगून गेल्यात ना? मंग ठिवनार. तू बग.”

पाचवी जुमागी. शेवटचा भाग. मी सकाळची पाळी करून आले, आंघोळ केली, ईदला शिवलेला ड्रेस घातला. अम्मी म्हणाली, तुझं लग्न आहे का? मी म्हटलं, असंच समज. खुटबावला पोचलो तर ओट्यावर शेजारपाजारच्या बायकाही येऊन बसल्या होत्या. जेवणं भराभर उरकली. अक्रमभाईची खुर्ची, लोड, पान सगळं जागेवर. साडेआठ. संगीत सुरू झालं. यानाचं दार दिसलं. कप्तानाने हात पुढे केला.

आणि लाइट गेली.

अख्ख्या शिवारात काळोख. सगळे एकदम बोलायला लागले. इलाहीमामा म्हणाले, आज लोडशेडिंग नव्हतं, वेळ बदलली वाटतं. मी तिथेच फरशीवर बसले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. सातवीपासूनचे सगळे शुक्रवार एका दारापाशी येऊन थांबले होते, आणि ते दार आता दुसऱ्यांच्या घरात, लाइट असलेल्या गावात, माझ्यावाचून उघडत होतं. सुवर्णा निमोण्यात बघत असेल. मला तिच्याकडून ऐकायचं नव्हतं.

“माज्या कांद्याच्या चाळीत ल्हान टीवी हाय,” मारुतआबा अंधारात म्हणाले. “राखनीला ठिवलाय. बॅटरीवर चालतो. पर बॅटरी ट्रॅक्टरची, आन् ट्रॅक्टर गेलाय यवतला.”

तेवढ्यात अंगणात जीप सुरू झाल्याचा आवाज आला. दोन्ही दिव्यांचा उजेड अंगणभर पसरला. आमच्यापैकी कुणाच्या लक्षात यायच्या आत माझा भाऊ खुर्चीवरून उठून गेला होता. त्याने जीप ओट्याला भिडवली, उतरला, बॉनेट वर केलं.

“आबा, टीवी आना. मामा, छतावरच्या अँटेन्याची वायर सोडून खाली घ्या. रुबे, रडती काय, बॅटरी धर.”

मी नुसती बघत राहिले.

“माज्याकडं काय बगती?” तो खेकसला. “त्यांना वळखत्यात का न्हाई त्ये कळाय नगं व्हय मला?”

भाभी हसली. तिला त्यात नवल काहीच वाटलं नाही. तिच्या लेखी तो पहिल्यापासूनच या मालिकेचा वेडा होता.

मारुतआबा त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या वेगाने धावत गेले आणि टीव्ही छातीशी धरून आले. इलाहीमामा छतावर, त्यांच्या हातात अँटेना, मी बॅटरीपाशी चिमटे धरून, अक्रमभाई बटण फिरवतोय. नुसत्या मुंग्या. “डावीकडं घ्या मामा. आजून. आजून. बास, हलू नगा.” आणि चित्र आलं.

काळं-पांढरं.

तो टीव्हीच तसा होता, लहान आणि बिनरंगाचा.  पहिल्या कडीत यान निघालं तेव्हा मी त्याला असंच बघितलं होतं. आता ते उतरलं होतं तेही तसंच. इतक्या बायका, मारुतआबा, अक्रमभाई, सगळे जीपच्या बॉनेटभोवती दाटीवाटीने उभे होते आणि इलाहीमामा छतावर अँटेना धरून विचारत होते, “काय झालं? दार उगडलं का?”

दार आम्ही गाठलं होतं. बरंच काही हुकलं होतं, पण दार अजून पुरतं उघडलं नव्हतं. ते उघडलं. बाहेर एक बाई हातात दिवा घेऊन उभी होती. म्हातारी नाही, तरुण. तिने कप्तानाला विचारलं नाही की तू कोण. ती म्हणाली, आमच्या लोकांनी सांगून ठेवलं होतं. मग ती बाजूला झाली. तिच्यामागे लांबच लांब टेबल होतं, त्यावर ताटं मांडलेली. जेवढे निघाले होते तेवढी ताटं. रोज संध्याकाळी मांडायची आणि रोज उचलून ठेवायची, अशी पद्धत पिढ्यानपिढ्या चालत आलेली.

हमीदाखालांनी भाभीचा हात धरला. भाभी रडत होती, मी रडत होते, आणि अक्रमभाई बॅटरीचे चिमटे तपासायच्या निमित्ताने खाली वाकला होता.

“काय झालं त्ये सांगा की कुनीतरी,” छतावरून आवाज आला.

“वळखलं,” मारुतआबांनी वर बघून सांगितलं. “जेवाय बसवलं.”

यानातून माणसं उतरत राहिली. ताटांपेक्षा ती जास्त होती, वाटेत वाढलेली. बाईने त्यांच्याकडे बघितलं आणि आणखी ताटं आणायला आत गेली. तिथे मालिका संपली. नावं सरकायला लागली तरी कुणी जागचं हललं नाही.

इलाहीमामा खाली आले, त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं आणि ते प्रत्येकाने वेगळं सांगितलं. बायका घरी गेल्या. लाइट आली नव्हती. हमीदाखाला ओट्यावर बसल्या, मला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाल्या, “आता सांग.”

“काय सांगू?”

“ही मानसं पैल्यांदा निघाली का? घर सोडून कोन जातं असं? आन् मागं कोन ऱ्हायलं, ज्यानं ताटं मांडाय सांगितली?”

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण भाभीही येऊन बसली. मारुतआबांनी खाट ओढली. इलाहीमामांनी टॉवेल खांद्यावर टाकून भिंतीला पाठ टेकली. पहिल्या कप्तानाचा एक भाऊ होता, मी म्हणाले, तो यानात बसला नाही. मी सांगत गेले. कुणी झोपलं नाही. कुणी जागा बदलली नाही. मध्येच खाला “व्हय का?” म्हणत आणि माझा आवाज आणखी चढे. बसमध्ये मी हीच गोष्ट किती वेळा सांगितली होती, पण त्या भावाला काय वाटलं असेल हे मला स्वतःलाच त्या रात्री पहिल्यांदा कळत होतं, कारण ताटं कुणी मांडली ते आता माहीत होतं.

अक्रमभाईने बॅटरी जागेवर बसवली, बॉनेट आपटलं आणि हॉर्न दिला. “चल, उद्या तुजी सकाळची पाळी हाय.”

“आजून यान निघालं बी न्हाई,” हमीदाखाला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “पुढच्या शुक्रवारी ये.”

 “खाला, पाच जुमाग्या झाल्या. संपल्या.”

“त्याच्या संपल्या,” त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात शिऱ्याचा डबा दिला. “तुजी आज पैली झाली.”